क्रीडांगणाची वाट

श्रोतेहो, नगराच्या इतिहासात आपण कर आणि गटारे यांचाच हिशेब मांडतो. मुलांचे खाते बहुधा कोरेच राहते. म्हणून आज आपण हॉलंडातील ॲम्स्टरडॅमकडे वळू.

महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. १९४७ साली तेथील नगरपालिकेने बेर्टेलमन चौकात एक लहानसे क्रीडांगण बांधले. वाळूचा हौद आणि कोलांट्या मारायला लोखंडी दांड्या, एवढाच त्याचा थाट! त्याचे शिल्पकार आल्डो व्हान आयक. 'आमच्याही वस्तीत असे हवे,' अशी नागरिकांची पत्रे येऊ लागली, आणि तीसेक वर्षांत अशी सातशेहून अधिक क्रीडांगणे झाली.

परंतु मध्यंतरी मोटारी वाढल्या. क्रीडांगण मुलांचे राहिले. तिथवरची वाट मात्र त्यांची राहिली नाही. १९७१ साली त्या देशात रस्त्यावरील अपघातांनी चारशेहून अधिक मुलांचे बळी घेतले. 'बालहत्या थांबवा' म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले. १९७६ साली 'वोनएर्फ', म्हणजे वस्तीचे अंगण, कायद्याने मान्य झाले: तेथे मूल रस्त्यात खेळेल आणि मोटार माणसाच्या चालीने जाईल.

क्रीडांगण आणि रस्ता ही दोन खाती नव्हेत, हे त्या नगराला फार मोठी किंमत देऊन कळले. आपल्या गावाचा आराखडा समोर येईल, तेव्हा आपण एवढेच विचारू या: शाळेला निघालेले मूल या वाटेने एकटे जाईल काय?