ज्यूरी पद्धती

खटल्यातील वस्तुस्थितीचा निर्णय सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांनी करावयाची न्यायपद्धती. आरोपी दोषी आहे किंवा नाही हे ज्यूरी ठरविते. कायदा समजावून देणे व शिक्षा फर्माविणे हे न्यायाधीशाचे काम असते. शासनानेच आरोप ठेवावयाचा आणि शासननियुक्त अधिकाऱ्यानेच तो सिद्ध झाल्याचे ठरवावयाचे, या स्थितीस तीमुळे आळा बसतो. म्हणून हा नागरिकांचा महत्त्वाचा हक्क मानला जातो.

इंग्लंडमध्ये या हक्कासाठी मॅग्ना कार्टातील (१२१५) समकक्षांनी निवाडा करण्याच्या तत्त्वाचा आधार घेतला गेला. तथापि ज्यूरीचे स्वातंत्र्य १६७० मध्ये कसोटीस लागले. विल्यम पेन व विल्यम मीड या क्वेकरपंथीयांना दोषी ठरवावे, म्हणून पंचांना अन्नपाण्यावाचून कोंडण्यात आले. तरीही ते बधले नाहीत, तेव्हा त्यांनाच दंड झाला. दंड न भरता तुरुंगात गेलेल्या एडवर्ड बुशेल याने देहोपस्थितीचा अर्ज केला. त्यावर मुख्य न्यायाधीश जॉन व्हॉन यांनी दिलेल्या निर्णयाने, पंचांना त्यांच्या मताबद्दल शिक्षा करता येत नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले.

ब्रिटिशांनी ही पद्धती भारतात आणली. पण समकक्षतेचे तत्त्व राजकीय खटल्यांत पाळले गेले नाही. लोकमान्य टिळकांवरील मुंबईतील राजद्रोहाच्या खटल्यात (१८९७) नऊ पंचांपैकी सहा यूरोपीय होते. टिळक सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी ठरले. १९०८ च्या खटल्यात सात यूरोपीय व दोन पारशी पंच होते आणि निर्णय सात विरुद्ध दोन असा झाला. खटला केसरीतील मराठी लेखांवर असूनही ज्यूरीपुढे त्यांची इंग्रजी भाषांतरे होती. ती सदोष असल्याचे टिळकांनी प्रतिपादिले. परकीय सत्तेच्या हाती पंचांची निवड असता हा हक्क नाममात्र उरतो, हे या खटल्यांनी दाखविले.

स्वातंत्र्योत्तर काळात ज्यूरीवर लोकक्षोभाचा व वृत्तपत्रांचा प्रभाव पडतो, असा आक्षेप घेतला गेला. नानावटी खटल्यात (१९५९) ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपी निर्दोष ठरविला. सत्र न्यायाधीशांनी असहमती दर्शवून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे झालेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये कायम केली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीची तरतूद वगळण्यात आली. तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही (२०२३) ती नाही. त्यामुळे भारतात आरोपीचे संरक्षण न्यायाधीशाचे स्वातंत्र्य, सकारण निकालपत्र व अपिलाचा हक्क यांवर अवलंबून आहे.