पवनचक्कीवाचून पिकलेले मीठ

मिठाचे आगर ते मिठागर आणि आगरात राबणारा तो आगरी, अशी आपल्या ज्ञातिनामाची उपपत्ती सांगितली जाते. ‘मीठ आगरी’ हा जुना पोटभेदही तीच साक्ष देतो. परंतु ही विद्या परदेशी मीठउत्पादकांच्या विद्येहून कोठे निराळी होती, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.

सिसिली बेटावरील त्रापानीच्या मिठागरांत जुन्या पवनचक्क्या आजही उभ्या आहेत. वाऱ्याने पाती फिरत, त्याबरोबर मळसूत्री पंप फिरून पाणी वरच्या कुंडात चढे. काही चक्क्या मीठही दळीत. भूमध्य समुद्राची भरती तेथे जेमतेम हातभर, तेव्हा पाणी उचलण्यास यंत्र हवेच. मुंबई बंदरात मात्र उधाणाच्या भरतीओहोटीत सुमारे चार मीटरांचे अंतर पडते, आणि तेच पाणी पनवेलच्या खाडीत शिरते. तळोज्याची कासाडी नदी याच खाडीस मिळते. सबब या खाडीकाठी आपल्या पूर्वजांनी बांध घातला व त्याला उघाडी ठेवली. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला पाणी आत घ्यावयाचे, फळी टाकून कोंडावयाचे आणि उताराने वाफ्यावाफ्यांतून पुढे सोडावयाचे. जे काम तेथे वाऱ्याने केले, ते येथे चंद्राने केले! वाराही राबलाच, पण पात्यांवर नव्हे, उघड्या पाण्यावर.

समुद्राच्या शंभर भार पाण्यात क्षार साडेतीन भार. पाणी आटून सुमारे दहावा हिस्सा उरला म्हणजे दाणा धरू लागतो. त्याहून फार आटू दिले तर कडवट क्षार मिठात उतरतात, म्हणून ते पाणी वेळीच काढून टाकावे लागे. ही वेळ अनुभवाने ओळखणाऱ्यांस शाळेचे तोंड क्वचितच दिसले होते.

बांध फुटला की मात्र साऱ्या गावाने धावावयाचे. पवनचक्कीवाल्यास ही धास्ती कोठली? शिवाय १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने स्वतः पिकविलेले मीठही परवान्यावाचून उचलण्याची सोय राहिली नाही. मीठकर १९४७ साली उठला. पुढे १९७० मध्ये सिडको स्थापन झाली; नव्या नगरासाठी व बंदरासाठी भूसंपादन होऊन शेतांबरोबर मिठागरेही गेली. १९८४ च्या जानेवारीतील आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, हे वाचकांस सांगावयास नको.

ज्या घरी मिठागरात राबलेले वृद्ध आहेत, त्यांनी वाफ्यांची, अवजारांची व उघाड्यांची नावे त्यांच्या तोंडून उतरून घ्यावीत व मंडळाकडे धाडावीत.