परदेशी अभ्यासकांचें विद्याभाषाध्ययन : एका वहीच्या निमित्तानें

गेल्या उन्हाळ्यांत एक येमेनी अभ्यासक आपला प्रबंध पुरा करून छत्रपति संभाजीनगरांतून स्वदेशीं जावयास निघाला. जातांना त्यानें आपली एक वही माझ्या स्वाधीन केली. तिचें वर्णन येथें नोंदवून ठेवतों. वही जाड पुठ्ठ्याची, रेघांच्या कागदाची, सुमारें शंभर पृष्ठांची असून आरंभींचीं चार पानें गळालेलीं आहेत. मुख्य मजकूर निळ्या शाईनें इंग्रजींत, डावीकडून उजवीकडे लिहिलेला आहे. दोन ओळींच्या मध्यें पेन्सिलीनें बारीक अरबी अक्षरांत, उजवीकडून डावीकडे, शब्दांचे अर्थ दिले आहेत. समासांतील तांबड्या शाईच्या दुरुस्त्या माझ्या हातच्या आहेत. वही उलटी धरून शेवटाकडून आरंभ केलेली इंग्रजी शब्दांची एक यादी आहे. ती निराळी अठरा पानें व्यापते.

हा गृहस्थ आपल्या देशांत एका विद्यापीठांत अध्यापक होता. रजा घेऊन पीएच. डी. साठीं तो येथें आला व माझ्या शेजारीं भाड्याची खोली घेऊन राहिला. मी निवृत्त शाळामास्तर आहें असें कळल्यावर तो संध्याकाळीं येऊं लागला. मला तो 'उस्ताद' म्हणत असे. घरमालकाशीं भाडें ठरविणें, औषध मागणें, रिक्षावाल्याशीं घासाघीस करणें एवढें इंग्रजी त्यास चांगलें येई. परंतु प्रबंधाचें पहिलें प्रकरण मार्गदर्शकांनीं परत दिलें. विषय पक्का आहे, भाषा प्रबंधाची नाहीं, असा त्यांचा अभिप्राय होता. त्या दिवसापासून ही वही सुरू झाली व दोन वर्षें चालली.

अशा आजकालच्या वहीस संशोधनाच्या त्रैमासिकांत जागा कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. माझें म्हणणें इतकेंच कीं, परक्या देशांत विद्येसाठीं गेलेल्या माणसास शास्त्राच्या दारीं पोंचण्यापूर्वीं विद्याभाषेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. त्यास स्वतंत्र काळ, स्वतंत्र गुरु व स्वतंत्र साधन लागतें. आणि या गोष्टीचा खरा पुरावा मोठ्या ग्रंथांत क्वचित् आढळतो, तो अशा किरकोळ वह्यांत असतो. हें विधान कांहीं जुन्या दाखल्यांनीं तपासून पाहूं.

पहिला दाखला चिनी भिक्षु इत्सिंग याचा. तो इ. स. ६७१ मध्यें जलमार्गानें निघाला, परंतु थेट नालंदेस गेला नाहीं. सुमात्रा बेटांतील श्रीविजय येथें सहा महिने राहून त्यानें शब्दविद्या, म्हणजे संस्कृत व्याकरण, शिकण्यास आरंभ केला. ६७३ मध्यें ताम्रलिप्तीस उतरल्यावरहि तेथें सुमारें एक वर्ष त्याच अध्ययनांत घालविलें, आणि मग नालंदेस जाऊन दहा वर्षें काढलीं. आपल्या वृत्तांतांत तो स्वदेशीयांस सांगतो कीं, भारतांत अध्ययनास जावयाचें असल्यास आधीं श्रीविजयांत एकदोन वर्षें राहून तयारी करावी. भारतांत व्याकरणाचा अभ्यास कोणत्या वयांत, कोणत्या ग्रंथापासून व किती काळ चालतो याचेंहि क्रमवार वर्णन त्यानें केलें आहे. आज पाश्चात्य विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठीं सत्रारंभापूर्वीं जे इंग्रजीचे वर्ग भरतात, त्यांचें तत्त्व या भिक्षूनें तेराशें वर्षांपूर्वीं स्वानुभवानें सांगून ठेविलें होतें.

आतां आपल्या शहराकडे वळूं. ज्या मलिक अंबरानें १६१० मध्यें खडकी वसविली, तो स्वतः परदेशी होता. हबसाणांत जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून येमेनांतील मोखा बंदरांत विकला गेला, तेथून बगदादेस गेला व मग दक्षिणेंत आला. बगदादेस धन्याच्या घरीं त्याचें शिक्षण झालें, हें इतिहासास ठाऊक आहे. तें कसें झालें, हें दाखविणारा एकहि कागद माझ्या पाहण्यांत नाहीं. मोखाच्या किनाऱ्यावरून आलेल्या माणसानें वसविलेल्या या गांवीं आज त्याच देशाचे अध्यापक विद्येसाठीं येतात, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

पुढें औरंगजेबाच्या काळीं बुखाऱ्याकडून आलेले बाबा शाह मुसाफिर येथें स्थायिक झाले. पाणचक्कीचा दर्गा त्यांचाच. तूराणांतून आलेल्या अशा मनुष्यास येथें फारसी आयतीच भेटे. उंबरठा होता तो एतद्देशीय पंडितास. म्हणूनच संस्कृतज्ञांस फारसी शिकविणारे ग्रंथ निर्माण झाले. अकबराच्या वेळीं कृष्णदासानें रचलेला 'पारसीप्रकाश' हा त्यांतील प्रसिद्ध होय. त्यांत शब्दकोश असून फारसीचें व्याकरणहि पाणिनीय पद्धतीनें सूत्रांत बांधलें आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झालेला 'राजव्यवहारकोश' याच जातीचा, पण हेतु उलटा : फारसी शब्द शिकवावयाचे नसून त्यांच्या जागीं संस्कृत शब्द बसवावयाचे. या दोन्ही कोशांकडे आपण राजकारणाच्या व भाषाशुद्धीच्या दृष्टीनें पाहतों. परंतु एका विद्येंतून दुसरींत जाणाऱ्याच्या हातांतील काठी, या दृष्टीनेंहि ते पाहावयास हवेत.

इंग्रज आले तेव्हां परदेशी विद्यार्थी तेच होते. कलकत्त्यास १८०० मध्यें फोर्ट विल्यम कॉलेज निघालें, तें कंपनीच्या कोवळ्या मुलकी नोकरांस कामावर धाडण्यापूर्वीं देशी भाषा शिकविण्यासाठींच. तेथें विल्यम केरी यानें वैद्यनाथ पंडिताच्या साहाय्यानें मराठी शिकविली व १८०५ मध्यें मराठीचें व्याकरण छापलें. मराठी भाषेच्या छापील अभ्यासास अशा रीतीनें परदेशी नोकरांच्या पाठ्यपुस्तकांनीं चालना दिली.

यानंतर औरंगाबादेस विद्याभाषेचा एक विलक्षण प्रयोग झाला. निजामाच्या फर्मानानें उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्यें सुरू झालें. शिक्षणाचें माध्यम उर्दू, पण इंग्रजी हा आवश्यक विषय, अशी तेथील व्यवस्था होती. पाश्चात्य ग्रंथ उर्दूंत आणण्यासाठीं भाषांतरखातें १९१७ मध्येंच स्थापन झालें होतें. औरंगाबादेस १९२३ मध्यें कॉलेज निघालें. तेथें मौलवी अब्दुल हक प्राचार्य होते व त्यांच्यामुळें अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचें ठाणें कित्येक वर्षें याच शहरीं होतें. अंजुमनचा मोठा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ मध्यें औरंगाबादेस छापून निघाला. इंग्रजी ग्रंथांतील अर्थ उर्दू वाचकापर्यंत पोंचविण्याचें एवढें मोठें साधन या गांवच्या छापखान्यांतून बाहेर पडलें, हें आज येथील थोड्यांसच ठाऊक असेल. त्या काळच्या मराठी मुलाची स्थिति मात्र ध्यानांत घ्यावी. घरीं मराठी, वर्गांत उर्दू आणि परीक्षेंत शिवाय इंग्रजी. आपल्याच गांवांत राहून त्यास परदेशी विद्यार्थ्याप्रमाणें दोन उंबरठे ओलांडावे लागत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजीं येथें मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. १९९४ पासून त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव जोडलें आहे. त्याच १९५८ सालीं हैदराबादेस इंग्रजीच्या अध्यापनाची मध्यवर्ती संस्था निघाली. आरंभीं ती भारतीय शिक्षकांसाठीं होती. पुढें तिनें परदेशी लोकांसहि इंग्रजी शिकविण्यास आरंभ केला आणि २००७ मध्यें तिचें केंद्रीय विद्यापीठ झालें. इंग्लंडांत परदेशी विद्यार्थ्यांसाठीं इंग्रजीचे पाठ रचणारे विद्यापीठीय शिक्षक १९७२ मध्यें एकत्र आले. तेव्हां एका निराळ्या शास्त्रास आकार येत गेला : सामान्य इंग्रजी वेगळें, विद्येचें इंग्रजी वेगळें. पहिलें बोलण्याचें, दुसरें व्याख्यान ऐकून टिपणें, ग्रंथाचा सारांश करणें, दुसऱ्याचें मत त्याच्या नांवानें मांडणें व आपलें मत जपून सांगणें यांचें.

हा भेद केवळ पुस्तकी नाहीं, हें प्रस्तुत वहीवरून दिसतें. शेवटाकडून सुरू झालेल्या यादींत आरंभीं अनामत, वीजबिल, पोलिसांतील नोंदणी, व्हिसाची मुदत असले शब्द आहेत. तारखा पाहतां आठव्या महिन्यांत यादीचें रूप पालटतें. पुढें एकटे शब्द येत नाहींत, वाक्यांचे तुकडे येतात : 'यावरून असें अनुमान होतें', 'याउलट', 'अमुक एक गृहीत धरल्यास', 'हा पुरावा अपुरा आहे'. आमच्या परिभाषेंत बोलावयाचें तर पूर्वपक्ष, उत्तरपक्ष व सिद्धान्त यांचे सांधे त्यास हवे झाले. प्रबंधाची भाषा म्हणतात ती हीच.

मुख्य मजकुरांतील चुकाहि बोधप्रद आहेत. पहिली चूक क्रियापदाची. 'ही पद्धति उपयुक्त' एवढेंच तो लिही. 'आहे' या अर्थाचा इंग्रजी शब्द गाळी. अरबींत वर्तमानकाळीं अशा वाक्यांत क्रियापद लागत नाहीं. संस्कृतांतहि 'रामः पण्डितः' हें पुरें वाक्य असून 'अस्ति' अध्याहृत असतें. हें मीं सांगितलें तेव्हां तो हंसून म्हणाला कीं, मग माझी चूक तुमच्या पाणिनीस तरी मान्य आहे. दुसरी चूक संबंधी वाक्यांची. 'जें पुस्तक मीं तें वाचलें' अशा धर्तीवर तो एक जादा सर्वनाम ठेवी. अरबींत तें रास्त आहे, इंग्रजींत नाहीं. तिसरी चूक वाक्यामागून वाक्य 'आणि' नें जोडीत जाण्याची. अरबी गद्यांत तो दोष गणला जात नाहीं. इंग्रजी प्रबंधांत मात्र कोणतें वाक्य कारण व कोणतें कार्य हें उघड सांगावें लागतें. याउलट एक गोष्ट मला संस्कृतामुळें सोपी करून सांगतां आली. इंग्रजी शास्त्रीय गद्यांत क्रियेचें भाववाचक नाम करून तेंच पुढच्या वाक्याचा कर्ता करितात. आमच्या भाष्यकारांची 'त्व' व 'ता' या प्रत्ययांची रीति तीच. टीकाग्रंथ वाचलेल्या माणसास हें वळण परकें वाटत नाहीं.

वहींत एके ठिकाणीं सात आठवड्यांचा खंड आहे. जुन्या दप्तरांत असा खंड दिसला म्हणजे आपण कारण शोधतों. येथें कारण समासांतच आहे. पेन्सिलीनें अरबींत दोन शब्द लिहिले आहेत. त्यांचा अर्थ त्यानें मला पुढें कधींतरी सांगितला : 'घरून बातमी नाहीं.' येमेनांत २०१४ पासून युद्ध पेटलें व तेथून येथें आलेल्या कित्येकांस पैसाहि वेळेवर पोंचेना. खंडानंतरचें अक्षर पूर्वीपेक्षां मोठें व वेडेंवांकडें आहे. चुकाहि पुन्हां पहिल्याच. दोनतीन पानांत हात सावरतो.

परदेशी अभ्यासकाचा प्रबंध ग्रंथालयांत राहतो. त्या प्रबंधापर्यंत तो कोणत्या वाटेनें आला, हें दाखविणारे कागद मात्र खोली सोडतांना रद्दींत जातात. मीं स्वतः दोन खोल्या रिकाम्या होतांना अशा वह्या किलोच्या भावानें गेलेल्या पाहिल्या आहेत. आपण संग्राहक मंडळी मोडी रुमाल, पोथ्यांचीं सुटीं पानें, दुकानदारांचीं बाडें जिवापाड जपतों. दोनशें वर्षांपूर्वींच्या एखाद्या कारकुनाचें फारसी-मराठी शब्दांचें टिपण सांपडलें तर त्यावर लेख लिहितों. मग आज आपल्या डोळ्यांदेखत लिहिलें जाणारें अरबी-इंग्रजी टिपण जुनें नाहीं म्हणून टाकावयाचें काय? पन्नास वर्षांनीं तें जुनें होईल. तोंवर तें उरलें पाहिजे.

यास खर्च फारसा नाहीं. ज्यांच्या शेजारीं परदेशी विद्यार्थी वा अध्यापक राहतात त्यांनीं जातांना त्यांस वहीविषयीं विचारावें. खुषीनें दिली तरच घ्यावी. काल, देश, मातृभाषा व अभ्यासविषय पहिल्या पानावर नोंदवावा. खासगी मजकूर असल्यास नांव झांकावें. प्रस्तुत वही मालकाच्या लेखी संमतीनें मजपाशीं आहे व त्याच्या इच्छेप्रमाणें नांव वगळून ती संग्रहास देण्याचा माझा विचार आहे. गळालेल्या चार पानांविषयीं मीं त्यास विचारलें होतें. तीं त्यानें स्वतःच फाडलीं होतीं. पहिल्या चुका उस्तादास दाखविण्याची त्यास लाज वाटली. संग्राहकाच्या दृष्टीनें तींच चार पानें सर्वांत मोलाचीं होतीं.