वसईचा तह (1802)

दुसरा बाजीराव पेशवा आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात 31 डिसेंबर 1802 रोजी वसई (सध्याचा पालघर जिल्हा) येथे झालेला तैनाती फौजेचा करार. टिपू सुलतानाविरुद्ध एकत्र लढलेल्या या दोन सत्तांचे वैर याच करारातून पक्के झाले.

1790–92 च्या म्हैसूर युद्धात हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा कंपनीचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस आणि निजाम यांच्या बरोबरीने लढल्या. टिपूचे निम्मे राज्य तिघांनी वाटून घेतले. नाना फडणिसांच्या लेखी ही दोस्ती मोहिमेपुरती होती. तीनच वर्षांनी, 1795 मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी त्याच निजामाला नमवले आणि कंपनी बाजूला राहिली. 1798 मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून आलेल्या वेलस्लीला मात्र असली सैल मैत्री नको होती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धास्तीने युरोप ढवळून निघाला होता आणि इकडे शिंद्यांच्या कवायती पलटणी पेराँ या फ्रेंच सेनानीच्या हाती होत्या.

निमित्त पुण्याने पुरवले. बाजीरावाने 1801 मध्ये विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिले. 25 ऑक्टोबर 1802 रोजी विठोजीचा भाऊ यशवंतराव होळकर याने हडपसरजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा धुव्वा उडवला. बाजीराव सिंहगड, महाड, सुवर्णदुर्ग करीत इंग्रजी जहाजातून वसईला पोहोचला. वसई अजून पेशव्यांचीच होती. पण खाडीपलीकडची साष्टी इंग्रजांकडे होती आणि मुंबईचे आरमार हाकेच्या अंतरावर. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेली हीच वसई बाजीरावाच्या वडिलांनी, रघुनाथरावांनी, 1775 च्या सुरतेच्या तहात इंग्रजांना देऊ केली होती. 1780 मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डने ती घेतली आणि सालबाईच्या तहाने ती परत मिळाली.

रेसिडेंट बॅरी क्लोज याने केलेल्या तहानुसार कंपनीचे किमान सहा हजार कवायती पायदळ तोफांसह पेशव्यांच्या मुलखात कायमचे राहणार होते. खर्चासाठी 26 लाख रुपये उत्पन्नाचा प्रदेश तोडून द्यायचा, सुरतेवरचा हक्क सोडायचा, इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीयांना चाकरीत ठेवायचे नाही, निजाम व गायकवाड यांच्याशी असलेले वाद कंपनीच्या निवाड्यावर सोपवायचे, असे ठरले. शेवटचे कलम सर्वांत जिव्हारी लागणारे होते. मराठी राज्य चौथाई-सरदेशमुखीच्या एकमेकांत गुंतलेल्या हक्कांवर उभे होते. एकाच गावावर दोघांचा हक्क असणे त्यात गैर नव्हते. कंपनीला एक सरहद्द आणि एक धनी हवा होता. बाजीरावाच्या भित्रेपणावर इतिहासकारांनी जितकी शाई खर्च केली, तितकी या दोन राज्यकल्पनांच्या टकरीवर केलेली नाही.

मे 1803 मध्ये इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात बाजीराव पुन्हा गादीवर बसला. शिंदे व भोसले यांनी तह झुगारला. असई, अडगाव येथे ते हरले. होळकर त्या वेळी अलिप्त राहिला व पुढच्या वर्षी एकटा लढला. लंडनमध्ये कंपनीवर देखरेख ठेवणाऱ्या नियंत्रण मंडळाचा अध्यक्ष कॅसलरी याने या तहावर टीका केली, तोवर उशीर झाला होता.

पुढची वर्षे हक्कांच्या भांडणात गेली. 1812 मध्ये दक्षिणेतील जहागीरदार व पेशवे यांच्यात पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने समेट घडवला, म्हणजे धन्याच्या घरात मध्यस्थ म्हणून कंपनी शिरली. गायकवाडांच्या जुन्या देण्याचा हिशेब मिटवण्यासाठी आलेल्या गंगाधरशास्त्र्यांचा 1815 मध्ये पंढरपुरात खून झाला. संशयित, बाजीरावाच्या मर्जीतला त्रिंबकजी डेंगळे, ठाण्याच्या तुरुंगातून निसटला. 13 जून 1817 च्या पुणे तहाने पेशव्याला मराठा मंडळाचे प्रमुखपद सोडावे लागले आणि गुजरातपर्यंतचे उत्तर कोकण, वसईसह, कंपनीकडे गेले. पाच महिन्यांत खडकीची लढाई झाली. 3 जून 1818 रोजी बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. सालिना आठ लाखांच्या तनख्यावर त्याला ब्रह्मावर्ताला (बिठूरला) धाडले. 1851 मध्ये तो वारल्यावर हा तनखा दत्तक पुत्र नानासाहेबांना देण्यास कंपनीने नकार दिला.