ओंडक्यावरचें पीक

पिकांचा इतिहास म्हटला कीं गहूं, भात, ऊंस, कापूस यांचीं नांवें आपल्यापुढें उभीं राहतात. या पिकांचें बीं वा बेणें माणसाला दिसतें, हातांत धरतां येतें आणि पुढील हंगामासाठीं राखून ठेवतां येतें. ज्याचें बीं डोळ्यांस दिसतच नाहीं, असें एक पीक मात्र माणसानें शेंकडों वर्षें केवळ आशेवर घेतलें. तें पीक म्हणजे अळंबें. आणि त्यांतही चीन व जपान या देशांत ओंडक्यांवर येणारें, जपानी भाषेंत ‘शिताके’ म्हणून ओळखलें जाणारें अळंबें. आज मला त्याचीच कथा सांगावयाची आहे.

या कथेचा आरंभ शेतींत नसून वाळवणांत आहे. ताज्या अळंब्याच्या दहा भागांपैकीं सुमारें नऊ भाग पाणीच असतें. त्यामुळें तें खुडल्यानंतर थोड्याच दिवसांत नासूं लागतें. रानांत मिळालेलें अळंबें पूर्वीं त्याच गांवांत खाऊन संपवावें लागे. परंतु तेंच उन्हांत किंवा मंद आंचेवर वाळविलें, तर त्याचें वजन सुमारें एकदशांशावर येतें, तें महिनोन्महिने टिकतें आणि डोंगरवाटा उतरून बंदरापर्यंत पोहोंचूं शकतें. शिताकेवर निसर्गाची आणखी एक कृपा आहे. वाळविल्यानें त्याचा सुगंध कमी न होतां उलट वाढतो. वाळलेलें शिताके भिजवून शिजविलें म्हणजे त्यांत ग्वानिलेट नांवाचें रुचिकर द्रव्य उतरतें. अकिरा कुनिनाका या जपानी संशोधकानें १९५७ सालीं या द्रव्याची रुचि ओळखली. मांस व मासे वर्ज्य असलेल्या बौद्ध मठांच्या पाकशाळांना मात्र हें गुपित शास्त्राच्या कितीतरी आधीं जिभेनें कळलेलें होतें.

जपानमधील सोतो झेन पंथाचा संस्थापक दोगेन यानें १२३७ सालीं मठाच्या आचाऱ्यासाठीं एक उपदेशग्रंथ लिहिला. त्यांत १२२३ सालची एक आठवण आहे. दोगेनचें जहाज चीनमधील आजच्या निंगबो बंदरांत उभें होतें. तेथें एक एकसष्ट वर्षांचा भिक्षु दूरवरच्या मठांतून पायीं चालत आला. तो मठाचा मुख्य आचारी होता. दुसऱ्या दिवशीं सणानिमित्त भिक्षूंना चांगलें जेवण घालावयाचें म्हणून तो जपानी व्यापाऱ्यांकडून एक जिन्नस विकत घेऊं पाहत होता. तो जिन्नस म्हणजे वाळविलेलें शिताकेच, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. तो अर्थ खरा असेल, तर जपानांत लागवड सुरू होण्याच्या कित्येक शतकें आधीं तेथील रानचीं अळंबीं वाळून समुद्रापार जात होतीं. वाळवणानें बाजार निर्माण केला आणि बाजारानें लागवडीची गरज निर्माण केली, असा हा क्रम दिसतो.

लागवडीचा मान चीनकडे जातो. झेजियांग प्रांताच्या डोंगराळ चिंगयुआन भागांत वू सानगोंग नांवाच्या पुरुषास या विद्येचा जनक मानून आजही पूजितात. परंपरा त्याला बाराव्या शतकांत नेऊन ठेवते. पडलेल्या झाडावर कुऱ्हाडीचे घाव जेथें बसले होते, तेथेंच अळंबीं दाट उगवलीं, हें त्यानें हेरलें. आणि एकदां पीक येईना म्हणून संतापून त्यानें ओंडका बडवला, तों कांहीं दिवसांनीं तो अळंब्यांनीं भरून गेला, अशी कथा आहे. कथेंतील संतापाचा भाग बाजूस ठेवला, तरी कृतीचा भाग खरा आहे. वांग झेन याच्या १३१३ सालच्या कृषिग्रंथांत झाड पाडून त्यावर कुऱ्हाडीनें घाव घालणें, तें माती-पाल्यानें झांकणें, तांदळाच्या पाण्याचें शिंपण करणें आणि पुढें मोगरीनें ठोकून अळंब्यांना जणूं दचकवून जागें करणें, हें सारें नोंदलेलें आहे. तीं ताजीं शिजवून खावीं किंवा उन्हांत वाळवून ठेवावीं, असेंही तेथें सांगितलें आहे.

जपानांतील परंपरा एका कोळसेवाल्याचें नांव सांगते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत बुंगो प्रांतांत, म्हणजे आजच्या ओइता जिल्ह्यांत, गेनबेई नांवाचा माणूस कोळशासाठीं ओकसारखीं झाडें तोडीत असे. भट्टींत न गेलेल्या ओंडक्यांवर शिताके उगवलेलें त्यानें पाहिलें आणि तेव्हांपासून मुद्दाम घाव घालून ओंडके रानांत मांडून ठेवण्याची रीत पडली, असें म्हणतात. पुढें वाळलेलें शिताके नागासाकीच्या बंदरांतून चीनला जाऊं लागलें.

परंतु या रीतींत एक भयंकर उणीव होती. अळंब्याचे बीजकण डोळ्यांस न दिसण्याइतके सूक्ष्म असतात आणि ते वाऱ्यावर उडतात. शेतकरी घाव घाली. त्या घावांत शिताकेचा कण पडेल कीं दुसऱ्या एखाद्या निरुपयोगी बुरशीचा, हें वाराच ठरवी. निकाल कळावयास वर्षें लागत. तोंपर्यंत झाडें तोडलेलीं असत, मजुरी दिलेली असे, पुष्कळदां कर्जही काढलेलें असे. एका वर्षीं ओंडके भरभरून फुलत आणि दुसऱ्या वर्षीं अख्खा डोंगर कोरडा राही. ज्या शेतींत पेरणी शेतकऱ्याच्या हातीं नाहीं, तिला शेती म्हणावें कीं जुगार?

या जुगाराचा शेवट करणाऱ्या माणसाचें नांव किसाकु मोरी. १९०८ सालीं जन्मलेला हा तरुण क्योतो विद्यापीठांत शिकत असतां ओइताच्या डोंगरांत गेला होता. तेथें एक वृद्ध शेतकरी ओंडक्यांपुढें हात जोडून, पीक न आलें तर गांव सोडावें लागेल म्हणून अळंब्यांचीच करुणा भाकत असलेला त्यानें पाहिला, असें त्याच्या चरित्रांत सांगतात. अळंब्यांचे तंतु प्रयोगशाळेंत वाढवितां येतात, हें शास्त्रज्ञांना त्यापूर्वींच ठाऊक होतें. परंतु ती विद्या डोंगरावरच्या झोंपडींत पोहोंचली नव्हती. मोरीनें लाकडाच्या लहान पाचरींवर शिताकेचे शुद्ध तंतु वाढविले आणि ओंडक्याला भोकें पाडून त्या ठोकून बसविण्याची रीत १९४२ सालीं सिद्ध केली. बीं प्रथमच शेतकऱ्याच्या मुठींत आलें. हातोडी चालवितां येणारा कोणीही मनुष्य आतां पेरणी करूं शकत होता. पाचर ठोकल्यापासून साधारण दोन उन्हाळे गेले कीं पीक येई आणि तोच ओंडका पुढें कांहीं वर्षें फळत राही. लढाईनंतर जपानच्या डोंगरी खेड्यांना या पिकानें मोठा आधार दिला.

पुढें चीनमध्यें ओंडक्याऐवजीं लाकडाच्या भुशाच्या पिशव्यांवर लागवड होऊं लागली, आणि उत्पादनांत चीन जगांत पहिला झाला. तरी जुन्या रीतीचें मोल नाहींसें झालें नाहीं. ओइतांतील कुनिसाकी प्रदेशाच्या वनशेतीस २०१३ सालीं आणि चिंगयुआनच्या पद्धतीस २०२२ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. आज कित्येक देशांत अळंब्यांचे लांबट काप सोयाच्या रसांत व मसाल्यांत मुरवून, सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्यांप्रमाणें चघळण्याजोगे वाळवितात. पदार्थ नवा असला, तरी मांसाची जागा अळंब्यानें भरून काढण्याची युक्ति मठांतील आचाऱ्यांचीच आहे.

मात्र येथें एक इशारा दिलाच पाहिजे. वाळवण पाणी काढून टाकतें, विष नव्हे. अत्यंत घातक अळंब्यांतील विष वाळवून किंवा शिजवूनही नष्ट होत नाहीं. म्हणून रानांतील अळंबें पुरतें ओळखल्यावांचून वाळवणाच्या सुपांत घालूं नये.

सर्वच अळंबीं शिताकेप्रमाणें माणसाच्या स्वाधीन झालीं, असेंही नाहीं. काश्मीर व हिमाचलांतील लोक दोऱ्यांत ओंवून वाळवितात ती गुच्छी शेतांत पिकविणें चीनमध्यें अगदीं अलीकडे साधलें. जपानचें बहुमोल मात्सुताके जिवंत पाइन वृक्षाच्या मुळांशीं संसार मांडून राहतें आणि एकटें वाढावयास नाकारतें. आपल्या सह्याद्रींत पावसाळ्यांत वारुळांपाशीं उगवणाऱ्या अळंब्यांची गोष्टही तशीच. त्यांची बाग वारुळाच्या पोटांत वाळवी राखते, आणि हा व्यवसाय ती कोट्यवधि वर्षें करीत आली आहे. माणसाला तें अळंबें व्यापारी प्रमाणावर पिकवितां आलेलें नाहीं.

शिताकेच्या इतिहासांत कुऱ्हाड होती, श्रम होते, श्रद्धाही होती. अभाव होता तो एका सूक्ष्म कणाच्या ज्ञानाचा. तें ज्ञान पुस्तकांत शिरलें, तेवढ्यानें डोंगरावरच्या म्हाताऱ्याचें दैन्य सरलें नाहीं. तें लाकडाची पाचर होऊन त्याच्या हातीं आलें, तेव्हां सरलें.