मोटारीचा भाडेपट्टा (अमेरिका)

मोटारीचा भाडेपट्टा हा ठरावीक मुदतीसाठी, बहुधा २४ ते ४८ महिने, मोटार वापरण्याचा करार होय. मोटारीची मालकी भाडेपट्टा देणाऱ्या कंपनीकडेच राहते.

हप्त्याची आकारणी

करारातील किंमत आणि मुदतीअखेरची अंदाजित अवशिष्ट किंमत यांतील फरक म्हणजे घसारा. त्यास महिन्यांच्या संख्येने भागतात. दोन्ही किमतींच्या बेरजेस ‘मनी फॅक्टर’ या गुणकाने गुणले की मासिक वित्तआकार मिळतो. या गुणकाची २४०० पट म्हणजे अंदाजे वार्षिक व्याजदर. उदाहरणार्थ, किंमत ३०,००० डॉलर, अवशिष्ट किंमत १८,०००, मुदत ३६ महिने व गुणक ०.००२५ (सुमारे ६ टक्के) असल्यास घसारा ३३३ आणि वित्तआकार १२० मिळून हप्ता करांव्यतिरिक्त सुमारे ४५३ डॉलर होतो.

वाटाघाटी व अटी

मोटारीच्या किमतीवर घासाघीस करता येते. अवशिष्ट किंमत बहुधा कंपनी ठरवते. केवळ हप्त्यावर बोलणी केल्यास, मुदत वाढवून हप्ता कमी दाखवला जाण्याचा संभव असतो. मैलांची मर्यादा ओलांडल्यास, मोटारीची अवाजवी झीज झाल्यास किंवा करार मुदतीपूर्वी मोडल्यास जादा आकार पडतो.

कायदा

१९७६ च्या ग्राहक भाडेपट्टा कायद्यानुसार, त्याच्या कक्षेतील करारांच्या प्रमुख अटी स्वाक्षरीपूर्वी ग्राहकास लेखी कळवणे बंधनकारक आहे.