हाक देणारेच कान घडवते : इस्ट्रोजेन आणि त्याच्या ग्राहींचा इतिहास

१/ उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून सकाळच्या लोकलने परळकडे निघालेल्या गर्दीत नोकरदारांबरोबर रुग्णही असतात. १९४१ पासून उभ्या असलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून परतणाऱ्या अनेक स्त्रियांच्या अहवालावर 'ईआर पॉझिटिव्ह' असे लिहिलेले असते. या दोन शब्दांमागे शतकाहून मोठा इतिहास आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ आरंभ १८९६ मध्ये. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की, अंडाशय काढल्यावर स्तनाचा वाढलेला कर्करोग ओसरताना दिसला. अंडाशयाचा स्तनाशी संबंध काय, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते. 'हार्मोन' हा शब्दही अजून प्रचारात आला नव्हता.

३/ १९२३ मध्ये अमेरिकेत एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी डुकराच्या अंडाशयातील द्रवात हे संप्रेरक असल्याचे दाखवले. १९२९ मध्ये त्याचे शुद्ध स्फटिक हाती आले. पुढची तीसेक वर्षे मुख्य प्रश्न एकच राहिला : ते शरीरात किती आहे? संदेशाचे मोजमाप होत होते, तो ऐकणाऱ्याचे नव्हे.

४/ ही दिशा शिकागोच्या एलवूड जेन्सन यांनी बदलली. त्यांनी किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेले इस्ट्रोजेन उंदरांना टोचले. ते स्नायूंतून लवकर निघून गेले, गर्भाशयात मात्र टिकून राहिले. म्हणजे तेथे त्याला धरून ठेवणारे काहीतरी होते. १९५८ मध्ये व्हिएन्नात त्यांनी हे मांडले, तेव्हा श्रोते जेमतेम पाच होते, असे जेन्सन पुढे सांगत.

५/ या इतिहासात भारतही आहे. १९६४ मध्ये जी. पी. तलवार आणि शेल्डन सीगल यांनी सहकाऱ्यांसह गर्भाशयातील या बंधनावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९६६ मध्ये डेव्हिड टॉफ्ट आणि जॅक गोर्स्की यांनी ते धरून ठेवणारे प्रथिन वेगळे करून दाखवले. हाच इस्ट्रोजेनचा ग्राही, म्हणजे रिसेप्टर. अहवालातील 'ईआर' तो हाच.

६/ खरे आश्चर्य पुढे होते. ग्राहींची संख्या स्थिर नसते. १९७१ मध्ये गोर्स्की यांच्याच प्रयोगशाळेत दिसले की, इस्ट्रोजेन टोचल्यावर उंदराच्या गर्भाशयातील मोकळे ग्राही आधी घटतात आणि काही तासांनी पुन्हा भरून येतात. या भरपाईसाठी पेशीला नवी प्रथिने घडवावी लागतात. आपल्याला किती ऐकले जावे, हे ठरवण्यात संप्रेरकाचाही हात असतो.

७/ मासिक चक्रात हेच घडते. पाळीनंतरच्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन वाढते आणि गर्भाशयाच्या अस्तरात त्याचे ग्राहीही वाढतात. त्याच वेळी ते प्रोजेस्टेरॉनचे ग्राहीही तयार करवते. बीजोत्सर्गानंतर प्रोजेस्टेरॉन येते आणि इस्ट्रोजेनचे ग्राही घटवते. स्वतःला आवर घालणाऱ्याची वाट इस्ट्रोजेन स्वतःच मोकळी करून ठेवते.

८/ सर्वत्र नियम एकच नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्तनकर्करोगाच्या पेशींत इस्ट्रोजेन आपल्या ग्राहींची संख्या कमी करते : काम झालेला ग्राही पेशी मोडीत काढते. एकच संप्रेरक, पण ऊतीनुसार परिणाम वेगळा.

९/ हे ज्ञान किती मोलाचे होते, ते १९७५ ने दाखवले. प्रोजेस्टेरॉन इस्ट्रोजेनच्या ग्राहींना आवर घालते, असा शोधनिबंध त्या वर्षी 'नेचर'मध्ये आला. त्याच डिसेंबरात अमेरिकेतील दोन अभ्यासांनी सांगितले की, रजोनिवृत्तीनंतर नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कितीतरी अधिक आढळतो. तोवर असंख्य स्त्रियांना त्या गोळ्या दिल्या गेल्या होत्या. हाक सतत चालू होती आणि आवर घालणारे कोणीच नव्हते. त्यानंतर, गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेन देताना प्रोजेस्टेरॉनसदृश औषध जोडण्याची पद्धत रूढ झाली.

१०/ आता पुन्हा परळ. येथेच १९७० पासून प्रजनन संशोधन संस्था उभी आहे. तिचे टी. सी. आनंद कुमार आणि केईएम रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. गर्भ रुजायचा तर अस्तर योग्य वेळी तयार असावे लागते. आधी इस्ट्रोजेन, मग प्रोजेस्टेरॉन हा क्रम तेथेही चुकून चालत नाही.

११/ 'ईआर पॉझिटिव्ह' म्हणजे त्या गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेनचे ग्राही आहेत. म्हणूनच टॅमॉक्सिफेन ती जागा अडवते, तर फुलवेस्ट्रंट ग्राही मोडीत काढायला लावते. बीटसन यांना जे दिसले, त्याचा उलगडा इथे होतो. औषध कोणते आणि किती काळ, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे.

१२/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात ओळखीची चूक दिसते. दफ्तरात फर्माने सापडतात, म्हणून आपण फर्मानेच मोजत बसतो. ती गावात कोणी ऐकली आणि ऐकणारे कसे बदलत गेले, हे विचारायचे राहून जाते. विज्ञानाला तो प्रश्न सुचायला तीस वर्षे लागली, आणि उत्तर पूर्ण हाती येईपर्यंत काही स्त्रियांनी त्याची किंमत मोजली होती.